उंबऱ्यापासून उंबऱ्यापर्यंत

कर्जतच्या एसटी स्टँडजवळ माझं दुकान आहे. सातबारा, पीक विमा, पोरांचे परीक्षेचे फॉर्म, झेरॉक्स आणि तिकिटं. २०११ साली सुरू केलं तेव्हा तिकीट म्हणजे रेल्वेचं, दौंडवरून सुटणाऱ्या गाड्यांचं. विमानाचं पहिलं तिकीट मी २०१४ मध्ये काढलं, तालुक्यातल्याच एका जवानाचं. आता महिन्याला तीस-चाळीस निघतात. सुट्टीवर येणारे जवान, बंगळूर-हैदराबादला नोकरीला लागलेली पोरं, दुबईला कामाला गेलेले, नातवंडं बघायला अमेरिकेला निघालेले आजी-आजोबा. आषाढात गोदड महाराजांची रथयात्रा जवळ आली की गावाकडे येणाऱ्यांच्या तिकिटांनी माझी वही भरून जाते.

दुकानात येणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, “किती वेळ लागतो?” पहिली काही वर्षं पडद्यावर दिसेल तो आकडा मी वाचून दाखवायचो. दोन तास दहा मिनिटं. आकडा बरोबर असायचा, तरी माणसाची फसगत व्हायची. विचारणारा काही पुण्याच्या लोहगाव विमानतळाच्या धावपट्टीवर राहत नाही, तो कुळधरणला नाहीतर माहीजळगावला राहतो. बारा-तेरा वर्षांत लोकांच्या धावपळीतून, चुकामुकीतून आणि माझ्याही चुकांतून जे शिकलो ते वहीत लिहीत गेलो. त्यातलंच हे थोडं.

१. कर्जत कोणतं, ते आधी सांगा

महाराष्ट्रात कर्जत दोन. एक रायगडातलं, मुंबईच्या लोकलचं. दुसरं आमचं, नगर जिल्ह्यातलं म्हणजे आताच्या अहिल्यानगरातलं, जिथे रेल्वे स्टेशनच नाही. मोबाइलमध्ये नुसतं ‘कर्जत’ टाकलं की बहुतेक वेळा रायगडचं आधी येतं.

राशीनकडच्या एका कुटुंबाचे जावई परदेशातून पहिल्यांदाच सासरी येत होते. मुंबईला उतरले, मोबाइलवरून गाडी केली, ठिकाण टाकलं कर्जत. दमलेले होते, गाडीत झोप लागली. दोन तासांनी सासऱ्यांना फोन केला, “मामा, कर्जतला पोचलो, स्टेशनपाशी उभा आहे. घर कुठल्या बाजूला?” मामांच्या तोंडून शब्द फुटेना. अजून अडीचशे किलोमीटर बाकी होते. घरी पुरणाचा स्वयंपाक झालेला, आत्या-मावश्या जमलेल्या. जावई पोचले ते रात्री दहाला.

विमानतळांच्या बाबतीत हा घोळ होऊ नये म्हणून प्रत्येकाला तीन अक्षरांची खूण दिलेली असते, आणि ती सहसा बदलत नाही. बॉम्बेची मुंबई झाली तरी खूण ‘बीओएम’च राहिली. पुण्याची ‘पीएनक्यू’, शिर्डीची ‘एसएजी’. तिकिटावर गावाच्या नावाआधी ही खूण वाचायची, हे मी प्रत्येकाला बोट ठेवून दाखवतो. गोव्यात जानेवारी २०२३ पासून दोन विमानतळ चालू आहेत, दाबोळी ‘जीओआय’ आणि पेडण्यातलं मोपा ‘जीओएक्स’. एक दक्षिणेकडे, दुसरं पार उत्तर टोकाला. डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचं विमानतळही सुरू झालं, त्याची खूण ‘एनएमआय’. म्हणजे ‘मुंबईचं विमान’ एवढं सांगून आता भागत नाही. आम्हा कर्जतकरांना नवी मुंबई सोयीची, कारण सायन-कुर्ल्याच्या गर्दीत शिरावं लागत नाही. पण माणूस सांताक्रूझला जाऊन उभा राहिला आणि विमान पनवेलच्या बाजूने उडालं, तर ती सोय कुणाच्या कामाची?

२. विमान जेवढं उडतं त्याहून तिकिटावर वेळ जास्त असतो

पुणे ते दिल्ली हवाई अंतर साधारण १,१५५ किलोमीटर. वर गेलेलं विमान ताशी आठशेच्या पुढे जातं. शाळेतला हिशोब लावला तर दीड तासाच्या आत पोचायला हवं. तिकिटावर मात्र दोन तास दहा मिनिटांच्या आसपास लिहिलेलं असतं. आमच्या गल्लीतल्या एका हुशार पोराने मला विचारलं होतं, “काका, चाळीस मिनिटं जातात कुठं?”

मला ठाऊक नव्हतं. पुढे लोहगावला काम करणाऱ्या एका ओळखीच्या माणसाने समजावलं. विमान उभं असताना चाकांना पुढून-मागून ठोकळे लावलेले असतात. ते काढून विमान जागेवरून हललं की तिकिटावरचा वेळ सुरू होतो, आणि तिकडे पोचून पुन्हा जागेवर उभं राहिलं की संपतो. धावपट्टीपर्यंत रांगत जाणं, नंबर लागेपर्यंत थांबणं, वर चढताना आणि खाली उतरताना वेग कमी असणं, दिल्लीवर गर्दी असेल तर घिरट्या घालणं, हे सगळं त्यातच आलं. लोहगाव तर मुळात हवाई दलाचा तळ. तिथे लढाऊ विमानांचा सराव चालू असला की प्रवासी विमानाला थांबावं लागतं. शिवाय आकाशात वाटा आखलेल्या असतात, सुतळी ताणल्यासारखं सरळ कुणालाच जाता येत नाही.

यावरून मी वहीत एक आडाखा मांडला. हवाई अंतराला ८०० ने भागायचं आणि त्यात ४० मिनिटं मिळवायची. पुणे–नागपूर ६०५ किलोमीटर, म्हणजे सुमारे सव्वातास आणि वर दहा मिनिटं. पुणे–बंगळूर ७२०, दीड तासाला थोडं जास्त. मुंबई–दुबई १,९३०, तीन तास पाच मिनिटं. मुंबई–लंडन ७,२००, नऊ तास चाळीस मिनिटं. तिकिटाशी ताडून बघा, जवळपास जुळतं. ज्याला कुणी दोन विमानतळांमधलं अंतर सांगितलं, त्याने एवढा हिशोब करून बघितला तरी त्याची निम्मी काळजी मिटते.

३. भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवू नका

निवृत्त झालेले एक गुरुजी लेकीकडे न्यू जर्सीला निघाले होते. त्यांच्या जावयाने विमानाचा मार्ग मोबाइलवर पाठवला. गुरुजी तो घेऊन दुकानात आले ते काळजीतच. “अरे, हे विमान एवढं उत्तरेला बर्फाकडे कशाला नेतात? अमेरिका तर पश्चिमेला आहे.”

शब्दांनी पटेना. मग आम्ही दोघं जिल्हा परिषदेच्या शाळेत गेलो. तिथला पृथ्वीचा गोल धुळीने भरला होता, तो पुसला. शेजारच्या शिंप्याकडून लाल दोरा आणला. एक टोक मुंबईवर दाबलं, दुसरं न्यूयॉर्कवर, आणि दोरा ताणला. सैल होता तोवर तो अरबस्तान, भूमध्य समुद्रावरून जात होता. जसा ताणला तसा आपोआप वर सरकला. अफगाणिस्तान, कॅस्पियनच्या कडेने कझाकस्तान, मॉस्कोजवळून स्वीडन, मग आइसलँडच्या बाजूचा समुद्र, ग्रीनलंडचं दक्षिण टोक आणि तिथून कॅनडावरून खाली. गुरुजींनी दोऱ्यावर बोट फिरवलं आणि तिथेच बाकावर बसले. आयुष्यभर मुलांना तो गोल दाखवला होता, दोरा कधी लावला नव्हता, असं म्हणाले.

मुंबईहून न्यूयॉर्कजवळच्या नेवार्कपर्यंत असं ताणलेलं अंतर साडेबारा हजार किलोमीटर भरतं. सपाट नकाशावर पट्टीने आखलेल्या वाटेने गेलं तर दीड हजाराहून जास्त किलोमीटर वाढतात. प्रत्यक्षात विमान अगदी दोऱ्यावरून जात नाही. वारा बघतात, कुठल्या देशाचं आकाश उघडं आहे ते बघतात. २०१९ साली फेब्रुवारीच्या शेवटापासून जुलैच्या मध्यापर्यंत पाकिस्तानचं आकाश बंद होतं, आणि २०२५ च्या एप्रिलपासून आपल्या विमानांना ते पुन्हा बंद झालं. दिल्लीहून पश्चिमेकडे जाणाऱ्या विमानांची वाट त्यामुळे लांबली. विमानतळ जागच्या जागी असले तरी त्यांच्यामधला वेळ असा वाढतो.

शाळेतल्या त्या गोलावर गुरुजींनी दोरा तसाच चिकटवून ठेवायला सांगितला. तो अजून आहे.

४. जाताना वेगळा वेळ, येताना वेगळा

हे समजवायला मला आमची भीमा उपयोगी पडते. सिद्धटेकला पूल नव्हता तेव्हा शिरापूरकडून येणारे भाविक नावेने नदी ओलांडून गणपतीला यायचे. ज्यांनी ती नाव पाहिली आहे त्यांना प्रवाहाबरोबर आणि प्रवाहाविरुद्ध यातला फरक सांगावा लागत नाही. वर दहा-अकरा किलोमीटर उंचीवर अशीच वाऱ्याची नदी वाहते, पश्चिमेकडून पूर्वेकडे. हिवाळ्यात ती उत्तर भारतावर जोरात असते. म्हणून दिल्लीहून कोलकात्याला जाणारं विमान लवकर पोचतं आणि परतताना त्याच वाटेला जास्त वेळ घेतं. अमेरिकेचं तर विचारू नका, येतानाचा वेळ जातानापेक्षा तासभरानेही कमी भरतो.

अंतर विचारलं तर आकडा एक. वेळ विचारला तर मी नेहमी दोन आकडे सांगतो.

५. रात्री बारानंतरचं विमान म्हणजे आदल्या दिवसाचं निघणं

हे लिहिताना मला अजून वाईट वाटतं, कारण चूक माझी होती.

एका कुटुंबाचं मुंबईहून तिकीट होतं. तारीख १५, वेळ रात्री बारा चाळीस. मी तिकीट छापून दिलं आणि “प्रवास सुखाचा होवो” म्हणालो. त्यांनी १५ तारीख बघितली. १५ ला दुपारी जेवून, देवाला नारळ फोडून, गाडी करून निघाले. लोणावळ्यापाशी मुलाचा फोन आला, “आई, तुम्ही विमानात नाहीत का?” विमान आदल्या रात्रीच निघून गेलं होतं. ती माउली गाडीत बसून रडत होती आणि ड्रायव्हरला कळेना गाडी पुढे न्यावी की मागे फिरवावी. दुसऱ्या तिकिटाचे पैसे मी दिले, त्यांनी घ्यायला नको म्हटलं तरी दिले. पण नातीच्या बारशाला त्या पोचल्या नाहीत, ते कसं भरून देणार?

त्या दिवसापासून मध्यरात्रीनंतरच्या प्रत्येक तिकिटावर मी लाल पेनाने मोठ्या अक्षरात लिहितो, “१४ तारखेला सकाळी घर सोडायचं.” वारही लिहितो. आमच्याकडची म्हातारी माणसं तारखेपेक्षा वाराने चालतात. “बुधवारी, बाजाराच्या दिवशी” म्हटलं की चुकत नाहीत.

घड्याळाची दुसरी खोड म्हणजे तिकिटावरच्या वेळा त्या-त्या गावच्या असतात. मुंबईहून पहाटे चारला सुटलेलं विमान दुबईला पावणेसहाला पोचतं असं छापलेलं असतं. पावणेदोन तासांत दुबई, असं समजून लोक खूश होतात. दुबईचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे. खरा प्रवास सव्वातीन तासांचा. परतताना उलटं होतं, रात्री दहाला निघालेला माणूस आपल्याकडे पहाटे पावणेतीनला, दुसऱ्या तारखेला उतरतो. बरेच लोक न्यायला एक दिवस उशिरा जातात ते यामुळेच.

यात आमच्या कर्जतची एक गंमत आहे. भारताचं घड्याळ साडेब्याऐंशी अंश रेखांशावर लावलेलं. कर्जत ७५ अंशांच्या अगदी जवळ. एका अंशाला सूर्य चार मिनिटं घेतो, म्हणजे साडेसात अंशांना अर्धा तास. घड्याळात बारा वाजतात तेव्हा आमच्या डोक्यावर सूर्य यायला साधारण अर्धा तास बाकी असतो. हे गुरुजींनी मला त्याच शाळेच्या पटांगणात काठी रोवून दाखवलं.

६. जवळचं विमानतळ कोणतं, याला एक उत्तर नाही

कर्जत मोक्याच्या जागी आहे. पुणे, शिर्डी, छत्रपती संभाजीनगर, सोलापूर, चारही विमानतळ दीडशे ते दोनशे किलोमीटरच्या टप्प्यात. नकाशावर पाहिलं तर आम्ही मधोमध बसलेलो.

लोहगाव सरळ रेषेत सव्वाशे किलोमीटरच्या आत, पण रस्त्याने दीडशेच्या आसपास. दोन वाटा आहेत. एक श्रीगोंदा, काष्टी, न्हावरा, शिक्रापूर करून नगर रस्त्याला. दुसरी राशीन, भिगवण करून सोलापूर रस्त्याला. पहिली वाघोलीत अडकते, दुसरी हडपसरला. सकाळी आठ ते अकरा वाघोली म्हणजे एक किलोमीटरला कितीही मिनिटं. माझ्या वहीत तिथे ‘एक तास’ असंच लिहिलेलं आहे आणि अनेकदा तोही पुरलेला नाही. भिगवणची वाट थोडी लांब, पण हिवाळ्यात पहाटे उजनीच्या पाण्यावर रोहित पक्ष्यांची गुलाबी रांग दिसते. पहिल्यांदा विमानात बसणाऱ्या माणसाच्या पोटात गोळा आलेला असतो, तो ती रांग बघून थोडा सैल होतो, हे मी गाडीत पुढच्या सीटवर बसून पाहिलंय.

शिर्डीचं विमानतळ १ ऑक्टोबर २०१७ ला सुरू झालं, काकडी गावात. आपल्याच जिल्ह्यातलं म्हणून अभिमान वाटला. पण कर्जतहून आधी नगर, मग नगर–मनमाड रस्ता. त्या रस्त्याने जो गेलाय तो किलोमीटर विचारत नाही. सोलापूरहून २०२५ च्या जूनपासून गोव्याला विमान सुरू झालं, करमाळ्याकडच्या लोकांना ते बरं पडतं. पुरंदरच्या विमानतळाची चर्चा वर्षानुवर्षं ऐकतो आहे. पारगाव, खानवडी भागातल्या ज्यांच्या अंजीर-सीताफळाच्या बागा त्यात जायच्या आहेत, त्यांचं दुःख मला आमचा तासभर वाचण्यापेक्षा मोठं वाटतं. हे माझं मत आहे आणि ते मी गिऱ्हाइकांनाही सांगतो.

निवड करताना मी तीन गोष्टी विचारतो. गाव तालुक्याच्या कोणत्या बाजूला, निघायचं कोणत्या वेळी, आणि बरोबर म्हातारं माणूस आहे का. मिरजगावच्या माणसाला नगर–सोलापूर रस्ता दारात आहे, त्याला शिर्डी जमते. राशीनच्या माणसाला पुणेच.

७. मातीला पोचायचं असतं तेव्हा

हिशोब कितीही येत असला तरी त्या रात्री माझे हात थरथरत होते.

फेब्रुवारी महिना होता, काही वर्षांपूर्वीची गोष्ट. रात्री नऊला मिरजगावजवळच्या एका वस्तीवरून दोघं मोटारसायकलवर आले. त्यांच्या भावाची नेमणूक लेहला होती. वडील तासाभरापूर्वी गेले होते. “दादा, तो मातीला पोचेल का? पोचणार असेल तर ठेवतो, नसेल तर सकाळी उरकावं लागेल.” एवढंच विचारलं.

लेह सव्वातीन हजार मीटर उंचीवर, चहूबाजूंनी डोंगर. हवा विरळ, दुपारनंतर वारा सुटतो, म्हणून विमानं सकाळीच उडतात. बर्फ पडला तर तीही नाहीत. लेह–दिल्ली हवाई अंतर ६२० किलोमीटर, दीड तासाच्या आतबाहेर. सकाळचं विमान धरलं तर तो साडेनऊला दिल्लीत. पुढे पुण्याचं पहिलं विमान साडेदहाला. पण तिकिटं वेगळी, टर्मिनल वेगळं. दिल्लीत एका टर्मिनलवरून दुसऱ्यावर जायला बस लागते, आणि देशातल्या विमानाचं काउंटर साधारण तासभर आधी बंद होतं. ते विमान त्याला मिळणं शक्य नव्हतं. पुण्याचं त्यापुढचं एक वाजता, उतरायला सव्वातीन, लोहगावहून वस्तीपर्यंत चार तास, वाघोली सोडूनच. म्हणजे अंधार.

दोघं भाऊ माझ्या तोंडाकडे बघत होते. मी पुण्याच्या विमानांची यादी तीनदा वर-खाली केली. मग लक्षात आलं की मी कर्जतच्या दुकानात बसून कर्जतचा विचार करतोय, पण घर मिरजगावच्या अंगाला आहे. शिर्डी बघितली. दिल्ली–शिर्डी सव्वाहजार नाही, हजार किलोमीटरच्या थोडं वर, पावणेदोन-दोन तास. पावणेबाराला विमान होतं. पावणेदोनला उतरणार. काकडीहून नगर, नगरहून सोलापूर रस्त्याने सरळ मिरजगाव. साडेतीन तास धरले, रस्ता खराब आहे म्हणून. सव्वापाच.

“सहाला ठेवा,” मी म्हणालो. “पण पहाटे लेहच्या हवामानाचा फोन आल्याशिवाय पाहुण्यांना वेळ कळवू नका.”

त्यांनी तिकिटाचे पैसे पुढे केले तेव्हा पाकीट थोरल्याच्या हातात होतं आणि त्यातून नोटा निघत नव्हत्या. बोटंच वळत नव्हती. मी ते पाकीट बंद करून त्याच्या खिशात ठेवलं आणि नंतर बघू म्हणालो.

रात्रभर मी जागा होतो. लेहहून विमान वीस मिनिटं उशिरा उडालं. काकडीला गाडी आधीच उभी होती, ड्रायव्हर माझ्या ओळखीचा. तो जवान उतरला तेव्हा अंगावर लेहचं जाड जाकीट तसंच होतं. पाच वाजून चाळीस मिनिटांनी गाडी वस्तीवर पोचली. सूर्य मावळायला थोडा वेळ होता. अग्नी त्यानेच दिला.

त्यानंतर कुणी जवान तिकीट काढायला आला की मी त्याच्या गावाचं नाव, जवळचा मोठा रस्ता आणि तिथून चारही विमानतळांना लागणारा वेळ वहीच्या शेवटच्या पानांत लिहून ठेवतो. तालुक्यातली बरीच गावं झालीत. घाईच्या रात्री हे शोधत बसायला नको.

८. मागून पुढे मोजा

छापलेल्या प्रत्येक तिकिटाच्या पाठीमागे मी हाताने एक यादी लिहून देतो. सकाळी साडेअकराच्या पुणे–दिल्ली विमानाची अशी:

विमान ११:३०. काउंटर बंद १०:३०. लोहगावच्या दारात ९:३०. वाघोली ८:३०. शिक्रापूर, चहा, ७:४५. श्रीगोंदा ६:००. घर सोडायचं ५:००. आंघोळ ४:००.

लोक आंघोळीची वेळ वाचून म्हणतात, एवढं कशाला? ज्यांनी एकदा विमान चुकवलंय ते विचारत नाहीत. घर सोडल्यापासून दिल्लीत बाहेर पडेपर्यंत साडेनऊ तास होतात, त्यातले दोन-सव्वादोन हवेतले.

९. थोडक्यात दोन गोष्टी

मधे विमान बदलायचं असेल तर दोन्ही प्रवास एकाच तिकिटावर घ्या. पहिलं विमान उशिरा पोचलं तर पुढची सोय करणं विमान कंपनीवर येतं. वेगवेगळी तिकिटं घेतली की सगळं आपल्यावर. हजार-दीड हजार वाचवायला गेलेल्यांचे दहा-दहा हजार गेलेले मी पाहिले आहेत.

आणि ऋतू बघा. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीला सकाळचं धुकं असतं, तेव्हा मी दुपारचं तिकीट सुचवतो. मुंबईच्या धावपट्ट्या पावसाळ्याच्या आगेमागे एखाद्या दिवशी सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच दुरुस्तीला बंद असतात. पुण्याची तर २०२१ साली १६ ते २९ ऑक्टोबर, पूर्ण चौदा दिवस बंद होती. दसरा नुकताच झाला होता, दिवाळी तोंडावर होती. ज्यांची तिकिटं मी काढली होती त्या सगळ्यांना एकेक करून फोन केले.

१०. उतरलं म्हणजे आलं नव्हे

विमान खाली टेकलं की मोबाइलवर दिसतं आणि घरचे दाराकडे बघायला लागतात. परदेशातून येणाऱ्याला पासपोर्टचा शिक्का, सामानाचा पट्टा, कस्टम, गाडी शोधणं, यात सव्वा-दीड तास सहज जातो. मुंबईहून कर्जत पुढे तीनशे किलोमीटर. तोपर्यंत म्हाताऱ्या माणसांचा जीव खालीवर होतो.

आमच्या पेठेत एक आजी आहेत. नातू दुबईला असतो, वर्षातून एकदा येतो, रथयात्रेला. पहिल्या वर्षी त्यांनी विमान उतरल्याचं कळताच चूल पेटवली होती. नातू आला तेव्हा भाकरी गार, चामट झालेली. आजींना ते फार लागलं. दुसऱ्या वर्षी मला विचारायला दुकानात आल्या. मी मुंबई, लोणावळा, हडपसर, भिगवण सगळं सांगायला लागलो. त्यांनी हात वर करून थांबवलं. “एवढं नको बाबा. तू त्याला एवढंच सांग, राशीनला जगदंबेच्या कमानीपाशी आला की फोन कर.”

राशीन ते कर्जत अठरा किलोमीटर. फोन आला की त्या उठतात, पीठ मळतात, तवा ठेवतात. गाडी गल्लीत वळते तेव्हा दुसरी भाकरी तव्यावर फुगलेली असते. या वर्षी नातवाने राशीन सोडून एक किलोमीटर पुढे आल्यावर फोन केला, तर त्यांनी आत येताक्षणी विचारलं, “कमान मागं टाकून फोन केलास ना रे?”